निष्ठा कोणाशी? – फाळणीच्या कादंबऱ्यांतील गाव

जातीय दंगल म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे शहर उभे राहते. बंद दुकाने, संचारबंदी, चौकाचौकांत पोलिस. खेड्याचा विचार मनात आला की मात्र आपण नकळत निर्धास्त होतो. तेथे माणसे एकमेकांना बापजाद्यांपासून ओळखतात, तेथे असले काही व्हावयाचे नाही, अशी आपली समजूत असते. १९४७ च्या फाळणीने ही समजूत खोटी ठरविली. एक कोटीहून अधिक माणसे घरादारास मुकली, लाखो मृत्युमुखी पडली, आणि त्यांत खेडुतांचा भरणा फार मोठा होता. मग जी माणसे एकमेकांना इतकी ओळखत होती, त्यांच्या त्या ओळखीचे झाले तरी काय?

इतिहासकार या प्रश्नाला आपल्या परीने उत्तर देतो. सरहद्द कोणी आखली, सैन्य कोठे होते, कोणत्या पुढाऱ्याचे काय चुकले, हे तो सांगतो. परंतु शेजाऱ्याला निरोप देताना रडलेला माणूस थोड्याच काळात त्या शेजाऱ्याच्या जिवावर उठायला तयार कसा होतो, हे सरकारी कागदात सापडत नाही. ते जाणून घ्यावयाचे तर कादंबरीकाराकडे जावे लागते. म्हणून येथे आम्ही मुख्यतः दोन कादंबऱ्यांचा विचार करणार आहोत. पहिली खुशवंत सिंग यांची १९५६ साली इंग्रजीत प्रसिद्ध झालेली 'ट्रेन टू पाकिस्तान', आणि दुसरी राही मासूम रझा यांची १९६६ ची हिंदी कादंबरी 'आधा गाँव'. ओघात आणखी दोन पुस्तकांचा उल्लेख येईल. त्यांतील एक आपल्याच मराठीतले आहे.

'ट्रेन टू पाकिस्तान'मधील गावाचे नाव मनो माजरा. गाव कल्पित आहे, पण पंजाबात शोभेल असेच आहे. सतलजच्या काठी जेमतेम सत्तर घरे, जवळच रेल्वेचा पूल, आणि पलीकडे थोड्या अंतरावर नवी सरहद्द. हिंदू घर एकच, सावकार लाला रामलालचे. बाकी वस्ती शिखांची आणि मुसलमानांची, जवळजवळ निम्मी निम्मी. जमिनी शिखांच्या, मुसलमान त्यांची कुळे. पहाटे लाहोरकडे जाणारी मेलगाडी शिटी देते, तिने मशिदीतला इमाम बक्ष जागा होतो आणि बांग देतो. ती बांग झाली की गुरुद्वारातले भाई मीत सिंग अंथरूण सोडतात. तळ्याकाठी बाभळीखाली एक उभा दगड आहे. तो गावचा देव. अडीनडीला शीख, हिंदू, मुसलमान सारे त्याच्याकडे जातात, मात्र एकमेकांना न सांगता.

हे वर्णन नुसते वातावरणनिर्मितीसाठी केलेले नाही. गाव एका धाग्याने बांधलेले नसते, हे लेखकाला दाखवावयाचे आहे. सुंभ जसा अनेक पेडांचा वळलेला असतो, तशी गावातील माणसाची निष्ठा अनेक पदरी असते. तो एखाद्या धर्माचा असतो, तसाच एखाद्या शेताचा, एखाद्या पाणवठ्याचा, एखाद्या सावकाराच्या खात्यावरचा आणि एखाद्या मित्राच्या शब्दाचाही असतो. एरवी त्याला यांतून निवड करावी लागत नाही. दंगलीचे पहिले काम ही निवड त्याच्यावर लादणे हे होय. "तू नेमका कोणाचा?" असे विचारावयाचे आणि उत्तरात एकच शब्द मागावयाचा.

हा एक शब्द कसा मागितला जातो, याचा क्रम खुशवंत सिंग यांनी बारकाईने मांडला आहे. कथेची सुरुवात सावकाराच्या खुनाने होते. खून करणारा मल्ली हा शेजारच्या गावचा दरोडेखोर. खुनाच्या मुळाशी धर्म नाही, पैसा आहे. पोलिस संशयाने दोघांना धरतात. एक जग्गा, गावचा नामचीन गुंड. त्याचा बापही दरोडेखोर होता व फासावर गेला होता. दुसरा इक्बाल, दिल्लीहून कार्यासाठी आलेला, विलायतेत राहिलेला सुशिक्षित तरुण. इक्बाल हे नाव हिंदूचे असू शकते, मुसलमानाचे आणि शिखाचेही. तो स्वतः आपला धर्म सांगत नाही. पोलिसांना मात्र रकाना भरावयाचा असतो. ते त्याचे कपडे उतरवून पाहतात आणि त्याला मुस्लिम लीगचा मुहम्मद इक्बाल करून टाकतात.

पुढे हवालदार गावात येतो. खऱ्या दरोडेखोरांना सोडून देण्यात आलेले असते. हवालदार चारचौघांत, सहज म्हणून, पाकिस्तानात निघून गेलेल्या एका मुसलमान गुंडाची चौकशी करतो आणि लीगच्या या तथाकथित हस्तकाविषयीही विचारतो. एवढेच. कोणाला मारा असे तो म्हणत नाही. पण तो गेल्यावर गाव दोन ठिकाणी बसून बोलू लागते. त्याच सुमारास स्टेशनात भलत्या वेळी एक गाडी येऊन उभी राहते. लष्कर कोणाला जवळ जाऊ देत नाही. गावाकडे लाकूड आणि रॉकेल मागितले जाते. संध्याकाळी वाऱ्याबरोबर जळत्या मांसाचा वास येतो. गाडीत काय होते ते सारे ओळखतात, आणि कोणी कोणाशी बोलत नाही.

यानंतरचा रात्रीच्या बैठकीचा प्रसंग कादंबरीतील अत्यंत हृद्य भागांपैकी आहे. शीख शेतकरी आपल्या मुसलमानांचे काय करावे याचा विचार करीत बसलेले असतात, तोच इमाम बक्ष आत येतो. त्याला पाहताच कडक बोलणारेही वरमतात. तुम्ही आमचे आहात, हवे तर येथेच राहा, असे त्याला सांगितले जाते; पण बाहेरून निर्वासितांचे लोंढे आले तर आम्ही तुम्हांला कसे वाचवावे, हेही सांगितले जाते. तेव्हा तूर्त छावणीत जाणेच बरे असे ठरते. सारे रडतात. ते अश्रू खरे आहेत. दुसऱ्या दिवशी लष्करी मोटारी येतात, सामान बांधायला दहा मिनिटे दिली जातात, आणि मागे राहिलेल्या गुराढोरांचा व घरांचा राखणदार म्हणून नेमणूक होते ती मल्लीची!

मग बाहेरगावचे काही तरुण गुरुद्वारात येतात. निर्वासित मुसलमानांना घेऊन पाकिस्तानकडे जाणाऱ्या गाडीवर हल्ला करण्याचा त्यांचा बेत असतो. पुलावर आडवा दोर ताणावयाचा, म्हणजे टपावर बसलेली माणसे खाली पडतील. मीत सिंग विचारतात, येथल्या मुसलमानांनी आपले काय बिघडविले आहे? त्यांना भेकड ठरविले जाते. स्वयंसेवक म्हणून प्रथम मल्ली आणि त्याचे साथीदार उठतात. आणि त्यांच्यामागून, नुकतेच शेजाऱ्यांसाठी रडलेले काही गावकरीही उठतात.

आमच्या मते सबंध कादंबरीचे मर्म या शेवटच्या गोष्टीत आहे. लेखकाने त्या गावकऱ्यांना राक्षस केलेले नाही. आधीचे त्यांचे रडणे हे ढोंग होते, असेही तो म्हणत नाही. इमाम बक्ष समोर उभा होता तोवर तो 'चाचा' होता. तो मोटारीत बसून गेला आणि आता कोणत्या तरी गाडीतून जाणारे फक्त 'मुसलमान' उरले. त्या गाडीत आपलेच शेजारी असणार, हे त्यांना कळत नव्हते असे नाही. पण चेहरा दिसेनासा झाला होता, आणि चेहऱ्यावर उभी असलेली निष्ठा चेहऱ्याबरोबरच निघून गेली होती.

चेहऱ्याचे हे सामर्थ्य भीष्म साहनी यांच्या 'तमस' या कादंबरीत उलट बाजूने दिसते. साहित्य अकादमीने १९७५ साली गौरविलेली ही कादंबरी रावळपिंडीच्या परिसरातील १९४७ च्या दंगलीवर आधारलेली आहे. तीत हरनाम सिंग नावाचा वृद्ध शीख एका मुसलमान वस्तीच्या गावात चहाचे दुकान चालवीत असतो. दंगल उसळताच तो आणि त्याची बायको बंतो जीव घेऊन पळतात, आणि दुसऱ्या गावात राजो नावाची मुसलमान स्त्री त्यांना घरात घेते. थोड्या वेळाने तिच्या घरचे पुरुष लुटीची एक पेटी घेऊन येतात. ती पेटी हरनाम सिंगाचीच असते! ते कुलूप फोडू लागतात तेव्हा तो त्यांना सांगतो, फोडू नका, ही घ्या किल्ली. घरातला मुलगा रमजान हा पुढे त्याच्यावर कुऱ्हाड उचलतो, पण त्याच्याने वार होत नाही. घराला आग लावणे त्याला जमले होते. आश्रयाला आलेल्या, ओळखीच्या म्हाताऱ्याकडे पाहत त्याच्या डोक्यात कुऱ्हाड घालणे जमत नाही.

मनो माजऱ्यातील दोर कापला जातो तोही एका चेहऱ्यासाठी. हल्ल्याचा बेत आधी कळलेल्यांपैकी तीन माणसे पाहावीत. मॅजिस्ट्रेट हुकुमचंद याच्या हाती सत्ता आहे. तो जग्गाला आणि इक्बालला तुरुंगातून सोडतो व काही घडेल अशी आशा धरून बसतो. इक्बालजवळ विचार आहेत. समता, क्रांती, मानवता यांवर तो उत्तम बोलू शकतो. पण त्या रात्री आपण पुढे झालो तर मरू, आणि ते पाहायलाही कोणी नसेल, असा हिशेब करून तो दारू पितो आणि झोपी जातो. उरला जग्गा. त्याला कोणतेही तत्त्वज्ञान ठाऊक नाही. त्याला एवढेच ठाऊक आहे की, इमाम बक्षाची मुलगी नूरान, जिच्या पोटात त्याचे मूल आहे, त्या गाडीत आहे. तो भाईजींकडून गुरूचे वचन ऐकतो, पुलावर चढतो, आणि गोळ्या लागत असताना दोर कापून टाकतो. तो खाली पडतो. गाडी त्याच्यावरून पाकिस्तानात सुखरूप जाते.

येथे वाचकाला कादंबरी सुखान्त झाल्यासारखी वाटते, आणि कित्येक टीकाकारांना शेवट जरा सोयीस्कर वाटतो. आम्हांला मात्र त्यात एक अस्वस्थ करणारा प्रश्न दिसतो. नूरान त्या गाडीत नसती तर? जग्गाचे प्रेम एका मुलीवर होते; शेकडो प्रवासी वाचले ते तिच्या आधाराने. ज्याच्यापाशी सर्वांसाठी तत्त्व होते तो झोपला, आणि ज्याच्यापाशी एकीसाठी माया होती त्याने प्राण दिला. म्हणजे तत्त्व निरुपयोगी आणि माया पुरेशी, असा निष्कर्ष काढावा काय? तसा काढता येत नाही. कारण मायेवरच भागले असते, तर निरोप देताना रडलेले गावकरी हल्ल्यासाठी उठले नसते.

'आधा गाँव'मध्ये हाच प्रश्न दुसऱ्या अंगाने येतो. राही मासूम रझा यांना आपण दूरदर्शनवरील 'महाभारत' मालिकेचे संवादलेखक म्हणून ओळखतो. त्यांचे गाव उत्तर प्रदेशातील गाझीपूर जिल्ह्यातले गंगौली, आणि कादंबरीही त्याच नावाच्या गावाची आहे. तीत प्रेतांनी भरलेली गाडी येत नाही. गंगौली सरहद्दीपासून शेकडो मैल दूर आहे. तेथील शिया सय्यद जमीनदार उत्तरपट्टी आणि दक्षिणपट्टी अशा दोन तटांत वाटलेले. मोहरमात कोणाचा ताजिया मोठा, कोणाचा मातम खरा, यावरून त्यांची चढाओढ. त्यांच्या लेखी जगातील मोठी फाळणी हीच.

अशा गावात १९४६ च्या निवडणुकीच्या सुमारास अलीगढचे विद्यार्थी पाकिस्तानचा प्रचार करायला येतात. १९०९ पासून आपल्याकडे मुसलमानांसाठी वेगळे मतदारसंघ होते, म्हणजे मतपेटीसमोर माणसाने आधी धर्म सांगावयाचा अशी व्यवस्थाच होती. गंगौलीकरांना तो प्रचार नीट समजत नाही. नमाज पढायला वेगळा देश कशाला, असे एक वृद्ध विणकर हाजी विचारतो. कम्मो नावाच्या तरुणाला काळजी एवढीच की, अलीगढ पाकिस्तानात जाणार काय. कारण त्याच्या मनातली मुलगी तेथे शिकते. आपण या प्रश्नांना हसतो. पण लेखक हसत नाही. ज्या गोष्टीवर माणूस जगतो तिच्यासंबंधी तो विचारणार. नकाशासंबंधी बोलणाऱ्याला ते अडाणीपणाचे वाटते.

या कादंबरीतही दंगल गावाच्या वेशीपर्यंत येते. कलकत्त्याच्या बातम्यांनी भडकलेला जमाव शेजारच्या बारिखपूरच्या मुसलमानांवर चालून जातो, तेव्हा ठाकूर जयपाल सिंग आडवा उभा राहतो. एवढे शूर असाल तर कलकत्त्याला जा, लाहोरला जा, येथल्या गरीब विणकरांवर कसला पराक्रम गाजविता, असे तो जमावाला सुनावतो. सर्वधर्मसमभाव हा शब्द त्याच्या तोंडी नाही. हे माझ्या गावचे लोक आहेत, त्यांना हात लावाल तर याद राखा, एवढाच त्याचा विचार.

आणि फुन्नन मियाँचे दुःख वेगळेच. १९४२ च्या आंदोलनात कासिमाबादच्या पोलिस ठाण्यावर जमाव गेला, त्यात गोळीबारात त्याचा मुलगा मुमताज मेला. पुढे त्या हुतात्म्यांच्या स्मरणार्थ सभा भरते, पुढारी नावे घेतो, आणि मुमताजचे नाव त्यांत येत नाही. म्हातारा उठून विचारतो, माझाही मुलगा तेथे मारला गेला होता, त्याचे काय? या एका प्रश्नात रझा यांनी फाळणीनंतर मागे राहिलेल्या माणसाची सारी व्यथा आणली आहे. त्याने देशासाठी मुलगा दिला. तरी त्याची निष्ठा संशयास्पदच. कोणी त्याच्यावर शस्त्र उगारले नाही. त्याचे नाव वगळले, इतकेच. मुहम्मद इक्बाल असे खोटे नाव लिहिणे आणि मुमताज हे खरे नाव गाळणे, ही दोन्ही कामे एकाच वृत्तीची आहेत.

आता एक आक्षेप विचारात घेतला पाहिजे. ही पुस्तके खेड्याचे उदात्तीकरण करतात काय? बाहेरून वाईट माणसे आली आणि गाव बिघडले, असे सांगणे सोपे असते. डॉ. आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटनासमितीत खेड्याच्या संकुचितपणावर आणि जातीयतेवर कठोर टीका केली होती, ती विसरून चालणार नाही. सुदैवाने हे कादंबरीकार ती विसरलेले नाहीत. मनो माजऱ्यात जमीन एकाची आणि घाम दुसऱ्याचा आहे. गंगौलीचे सय्यद विणकरांना बरोबरीचे मानीत नाहीत, आणि जमीनदारी गेल्यावर त्यांचा डौलही जातो. गावातील सलोखा खरा असला तरी तो समानांचा सलोखा नसतो. ज्याची शेते, घरे, गुरे हाती लागण्यासारखी असतात, त्याच्याविरुद्ध धर्माची आठवण लवकर होते. मल्लीला राखणदार नेमणारी व्यवस्था हे पुरते ओळखून आहे.

हे सारे पंजाब आणि उत्तर प्रदेशाकडचे, आपला त्याशी काय संबंध, असे म्हणण्याचीही सोय आपल्याला नाही. ३० जानेवारी १९४८ रोजी गांधीजींची हत्या झाली. त्यानंतरच्या दिवसांत साताऱ्याच्या आणि कोल्हापूरच्या बाजूस ब्राह्मणांची घरे जाळण्यात आली. व्यंकटेश माडगूळकर यांची 'वावटळ' ही १९६४ ची कादंबरी त्या दिवसांची आहे. पुण्याहून आपल्या गावाकडे निघालेल्या तीन तरुणांच्या प्रवासातून ती उलगडते. येथे दोन धर्म नाहीत. भाषा एक, दैवते एक, यात्राजत्रा एक. तरीही जो कालपर्यंत अमक्या मास्तरांचा किंवा तमक्या कुळकर्ण्यांचा मुलगा होता, तो एका दिवसात नुसता 'बामण' झाला. जुन्या विषमतेचा राग त्याखाली साचलेला होता, हे मान्य केलेच पाहिजे. पण ज्याने काही केले नाही त्याला केवळ त्याच्या जातीसाठी शिक्षा देताना तीच रीत वापरली गेली: आधी माणसाची बाकीची सारी नावे पुसावयाची आणि मग उरलेल्या एका नावाला आग लावावयाची.

या पुस्तकांतून आपण शहरवासीयांनी काय घ्यावे? पहिली गोष्ट अशी की, अनेक पदरी निष्ठा हा दोष मानू नये. धर्मावर श्रद्धा असलेला माणूस गावावर आणि देशावरही प्रेम करू शकतो. यांपैकी एकच निवड असा आग्रह जो धरतो, त्याचा हेतू तपासून पाहावा. दुसरी गोष्ट अधिक कठीण आहे. ओळखीची माया ही मोलाची खरी, पण ती दिसणाऱ्या चेहऱ्यापुरतीच धावते. न पाहिलेल्या माणसासाठी कायदा लागतो, निःपक्षपाती पोलिस लागतात, खरे बोलणारे वर्तमानपत्र लागते, कोणाचेही नाव न गाळणारे शाळेचे पुस्तक लागते. ही कामे मुख्यतः शहरात होतात, आणि ती करणारी माणसे शिक्षणाने व विचाराने जग्गापेक्षा इक्बालच्या अधिक जवळची असतात. व्याख्याने ऐकणारे आणि देणारे आपण सर्व त्यांतच मोडतो.

जग्गाने आपल्या परीने हिशेब चुकता केला. नूरान ज्या गाडीत होती त्या गाडीवरचा दोर त्याने कापला. ज्या गाडीत आपल्या ओळखीचे कोणीच नाही, तिच्यावर दोर बांधला जात असल्याचे कळले तर आपण जागे राहणार आहोत काय, एवढे प्रत्येकाने आपल्याशी विचारून पाहावे.